डावा खांदा सहा सूत खाली

माझी धाकटी बहीण एका राजघराण्याचे कपडे करते. हे मी आजवर किती जणांना सांगितलं ते मोजलेलं नाही, पण किती जणांनी मलाच येऊन सांगितलं ते मोजलं आहे. मागच्या वर्षभरात एकोणीस. पिठाच्या गिरणीत, बसथांब्यावर, आणि एकदा दवाखान्याच्या रांगेत. तिथे एका अनोळखी बाईने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ही तुमचीच बहीण ना वं? चेहरा जुळते."

मी हो म्हटलं.

"आन तुमी काय करता?"

"मी ब्लाऊज शिवते."

"हो का," असं म्हणून तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि माझ्या मागे कोण उभं आहे ते बघू लागली.

मला बहिणीचा हेवा वाटतो. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणाला ते ओळींमधून शोधत बसावं लागणार नाही. घरातल्यांनाही ते माहीत आहे. फक्त ती स्वतः तसं कधी म्हणत नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

अठ्ठावीस वर्षं मी अनसिंगला घरीच ब्लाऊज शिवते आहे. माझ्याकडे मापांच्या अकरा वह्या आहेत. प्रत्येक बाईला एक पान. त्यावर छाती, कंबर, उंची, खांदा, मुंढा, बाही, गळा, असे सात आकडे. मुंढा म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर. आमच्या कामात इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. पुष्कळ जणी पाव इंचावर थांबतात, मी सुतावर थांबते. माझ्या हातून गेलेल्या ब्लाऊजचे दोन खांदे कधी एका सुतानेही वेगळे निघाले नाहीत. हे गावात कोणीही सांगेल. वाशिमलाही सांगतील.

आमच्या भागातली रीत अशी की बायका टेपने माप देत नाहीत. आपला जुना, अंगाला बसलेला ब्लाऊज पिशवीत घालून आणतात आणि "याच्यावरून शिवा" म्हणतात. त्याला मापाचा ब्लाऊज म्हणायचं. मी तो पाटावर पसरते, सात ठिकाणी टेप लावते, आकडे पानावर उतरवते. बाईच्या अंगाला हात लावायचं काम पडत नाही. तिलाही बरं, मलाही बरं.

आईचं पान पहिल्या वहीत पहिलं आहे. आम्ही दोघी बहिणी तिला माय म्हणतो, लिहिताना आई येतं. वडील गेल्यापासून ती माझ्याकडे असते. भाऊ नाही. तिचे रोजचे सहा ब्लाऊज आणि चौदा एप्रिलचा पांढरा, असे वर्षाला सात ब्लाऊज मी शिवत आले. जयंतीच्या सकाळी पांढरं लुगडं आणि माझ्या हातचा पांढरा ब्लाऊज घालून आई विहारात वंदनेला जाते, बायका म्हणतात, "काय बसला आजीले," आणि मी मागे उभी असते. बहिणीजवळ राजवाडा होता. माझ्याजवळ हे होतं. यावर्षी ते जातं की राहतं, एवढाच प्रश्न होता.

शिवणक्लासला आम्ही दोघी एकदमच गेलो होतो. वडील किन्हीराजाला शाळेत शिपाई होते. क्लास वाशिमला होता, सहा महिन्यांचा. मी वीस वर्षांची, ती सतरा. परीक्षेत मला शंभरपैकी एक्याण्णव पडले आणि तिला चौसष्ट. तिची शिलाई सरळ जातच नसे. बाईंनी एकदा तिचं झबलं सगळ्या वर्गाला दाखवून विचारलं होतं, "हे पोराले घालाचं की पोत्याले?" ती स्वतःही हसली. मी असते तर रडले असते.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि तिने नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म भरला. वडील म्हणाले, मोठीचं लग्न, लहानीचं कॉलेज, दोन्ही होऊन जाते. तो फॉर्म आधी माझ्यासाठी आणला होता. हे आता फक्त आईला आणि मला आठवतं, आणि आई म्हणते तिला आठवत नाही.

ती नागपूरला तीन वर्षं आणि पुण्यात दोन वर्षं होती. मग राजस्थानातल्या एका जुन्या संस्थानच्या राजवाड्यात, कपड्यांच्या कोठीत तिला नोकरी लागली. काम काय, तर पेट्यांमधले आजी-पणजीच्या वेळचे पोशाख काढायचे, ऊन दाखवायचं, उसवलेलं शिवायचं, परत घडी घालायची. तिची पत्रं यायची. आज एक घागरा उघडला, घेर बेचाळीस हात भरला, असं काहीबाही त्यात असायचं. शेजारीण विचारायची, "काय करते वं तुयी बहीण?" मी सांगायची, "जुने कपडे रफू करते." हे सांगताना मला बरं वाटायचं. सहा वर्षं बरं वाटलं.

सातव्या वर्षी तिथल्या थोरल्या राणीसाहेबांच्या नातवाचं लग्न निघालं आणि राणीसाहेबांचा पोशाख हिने केला. फोटो सगळीकडे छापून आले. त्या लग्नाला परदेशातल्या कुठल्याशा राजघराण्याची सून पाहुणी म्हणून आली होती, तिने तिथेच विचारलं की हे कोणी शिवलं. तेव्हापासून बहीण वर्षातून दोनदा विमानाने जाते. तिच्या हाताखाली बत्तीस कारागीर आहेत. तिने केलेला एक झगा काचेच्या कपाटात ठेवलेला आहे म्हणतात. मी केलेलं काही काचेत नाही, धुण्याच्या दोरीवर पुष्कळ आहे.

मागच्या वर्षी तिची मुलाखत मोबाइलवर सगळीकडे फिरली. त्यात ती म्हणाली, "आमच्या घरी आईची शिलाई मशीन होती, तिथून मला गोडी लागली." मी ती मुलाखत चार वेळा पाहिली. मशीन माझी होती. मी दहावी पास झाले म्हणून वडिलांनी घेतली होती. आईला सुईत दोरा घालता येत नाही, अजूनही मलाच हाक मारते. पण मुलाखतीत "आई" हा शब्द "ताई"पेक्षा चांगला दिसतो, हे मलाही कळतं.

यंदाच्या थंडीत ती आली. दीड दिवस राहिली. त्या दीड दिवसात तिने एक ताट उचललं नाही. पहिल्या दिवशी सकाळी आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, सोल्यांच्या भाजीसाठी. बहीण तिच्यासमोर खांबाला टेकून बसली आणि नुसती बघत राहिली. मी आतून दोनदा येऊन गेले.

"बसल्या बसल्या चार शेंगा तं सोल," मी म्हटलं.

"सोलतो ना, ताई."

सोलली एकही नाही. वर आईला गोष्ट सांगत बसली, त्या थोरल्या राणीसाहेबांची.

"तिच्या अंगाले टेप लावता येत नाई, माय. रिवाजच हाय तसा त्या घराचा. जुना पोशाख आणून देते आन म्हणते, याच्यावरून शिवा."

"मंग तं आपल्यावानीच झालं," आई म्हणाली. "मापाचा ब्लाऊज."

"अगदी तसंच. पण थो पोशाख होता तिच्या पन्नाशीतला, आन बाई झाली ऐंशीची. मी पहिला त्याच्यावरून शिवला तं अंगावर उभा राहेना."

"मंग काय केलं?"

"पडदे शिवाचं निमित्त काढलं आन आठ दिवस तिच्या खोलीत जाऊन बसली. उठते कशी, बसते कशी, चहा कशी पेते, थे पायत राह्यली."

"राणी चहा पेते?"

"बशीत ओतून पेते. तुयासारखीच."

आई एवढी हसली की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. मग तिने डाव्या खांद्यावरून घसरलेला ब्लाऊज उजव्या हाताने वर ओढला आणि शेंगा गोळा करू लागली. ही तिची सवय होती, ब्लाऊज वर ओढायची. मी तिला त्यावरून कितीदा बोलले होते, "माय, काहून ओढतं सारखी, शिलाई उसवते." ती म्हणायची, "सवय लागली वं."

ही सगळी गोष्ट मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकली आणि कढईकडे परत गेले. मला तेव्हा एवढंच वाटलं की पडदे शिवायच्या निमित्ताने आठ दिवस बसून राहायला मिळणं हेही नशीबच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिच्याकडून पार्सल आलं. आत पांढरा ब्लाऊज होता, आईसाठी. चिठ्ठीवर "जयंतीला घालायला" एवढंच. कापड असं मऊ की हातात घेतलं तर घेतल्यासारखं वाटेना. शिलाई मशीनची नव्हती, हाताची होती. एका इंचात टाके मोजले, बावीस भरले. मी ते बघून ब्लाऊज पुन्हा कागदात गुंडाळला आणि दुपारपर्यंत उघडला नाही.

दुपारी आई झोपल्यावर पाटावर पसरला आणि टेप घेतला. घडी घातली तर दोन बाजू एकमेकींवर बसेनात. पुन्हा घातली. मग नीट मोजलं. डावा खांदा उजव्यापेक्षा सहा सूत खाली होता. डावा मुंढा एक इंच मोठा. पाठ समोरच्या भागापेक्षा दीड इंच लांब. मी तीनदा मोजलं, कारण माझा विश्वास बसेना. राजवाड्यात कपडे करणारी बाई आणि दोन खांदे वेगळे. ते पोत्याचं झबलं मला आठवलं आणि मी खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आमचे हे वाशिमहून आले तेव्हा चहाच्या आधी मी त्यांच्यापुढे ब्लाऊज धरला.

"पाहा. हा खांदा आन हा खांदा."

त्यांनी पाहिलं. "राणीचे खांदे असेच असतीन."

"मायसाठी शिवला हाय."

"मंग मायले घालून पाय."

"खांदे वाकडे हायेत म्हणते मी."

"आयकलं," ते म्हणाले. "चहा ठेवतं का आता?"

मी टेप लावून तिन्ही ठिकाणचे फोटो काढले आणि बहिणीला पाठवले. खाली लिहिलं, "डावा खांदा सहा सूत खाली आला आहे. मुंढ्यातही फरक आहे. घाईत कारागिराकडून झालं असेल. काळजी करू नकोस, मी इकडे दुसरा शिवते." हे लिहायला मला वीस मिनिटं लागली. काळजी करू नकोस हे शेवटी घातलं.

तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं. "ताई, कारागिराने नाही, मीच शिवला. मायला घालून बघ."

मी घालून बघितला नाही. वाशिमहून रुबियाचं कापड मागवलं, आईचा मापाचा ब्लाऊज काढला आणि तिचा पांढरा ब्लाऊज मी शिवला, नेहमीसारखा. दोन दिवस लागले. एरवी चार तास लागतात. काजं दोनदा उसवून पुन्हा केली. दोन्ही खांदे तंतोतंत, सुताचाही फरक नाही.

चौदा एप्रिलच्या सकाळी आईची अंघोळ झाल्यावर मी खाटेवर दोन्ही ब्लाऊज ठेवले. एकच ठेवायचा असं आदल्या दिवशी ठरवलं होतं. पण एक लपवून ठेवला तर ती खोटी तुलना झाली असती, आणि खोटा आकडा मला चालत नाही.

"हा लहानीनं पाठवला, हा मी शिवला. कोणता घालतं?"

आईने दोन्हींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुयाच घालतो ना. नेहमी तुयाच असते."

तिने माझा घातला. हुक लावले. आणि लुगड्याचा पदर घेण्याआधी, उजवा हात वर नेऊन, डाव्या खांद्यावरून ब्लाऊज वर ओढला.

नवा ब्लाऊज होता. इस्त्री केलेला. अंगात जाऊन मिनिट झालं नव्हतं. मी तिला शिलाई उसवते म्हणून बोलणार होते. त्याऐवजी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. पदर नसताना, उजेडात, सरळ मागून मी तिची पाठ किती दिवसांनी पाहत होते ते मला सांगता येत नाही. मानेखाली पाठ पुढे वाकलेली होती. डावा खांदा खाली गेला होता. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीत पडली, गळ्याजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे पट्टा होता. पट्टा मीच बांधत असे, मीच सोडला. हाड जुळलं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मीही मनातून पान उलटलं. मापाचा ब्लाऊज मात्र अकरा वर्षांपूर्वीचा होता. मी दरवर्षी त्याच ब्लाऊजला टेप लावत होते आणि आकडे बरोबर येत होते.

"काढ," मी म्हटलं.

"काहून?"

"काढ. दुसरा घाल."

बहिणीचा ब्लाऊज तिने घातला. हुक खालून लावायला सुरुवात केली, वरपर्यंत आली, हात खाली सोडले. मी वाट पाहिली. तिने ओढला नाही.

"माय, दोन वर्षं तुले थो ब्लाऊज होत नव्हता?"

"होत होता की. थोडा उतरे खांद्यावरून."

"मंग बोलली काहून नाई?"

ती पदर खोचत होती. "तुयी शिलाई चुकत नाई म्हणतं ना तू. मले वाटलं, माहाच खांदा चुकला असीन."

विहारात मी नेहमीप्रमाणे तिच्या मागे उभी राहिले. वंदना झाली, मग मिरवणूक गल्लीतून गेली, मग खीर. दोन तास दहा मिनिटं. मी मोजत होते. ब्लाऊज तिने एकदाही ओढला नाही. दोन बायका म्हणाल्या, "आजीले ब्लाऊज चांगला बसला वं, तुमीच शिवला का?"

"लहानीनं," मी म्हटलं.

"राजवाड्यातली ना?"

"हो."

एकोणीसचे एकवीस झाले.

घरी आल्यावर मी आईला खिडकीपुढे उभं केलं आणि टेप काढला. तिला आश्चर्य वाटलं.

"मले मोजून राह्यली? मी काय गिऱ्हाईक हाय?"

"सरळ उभी राय."

"सरळच हाय मी."

डावा खांदा सहा सूत खाली भरला. पाठ दीड इंच जास्त. टेप न लावता, शेंगा सोलताना बघून, दीड दिवसात. मी रोज तिच्या ताटात वाढते, वेणी घालते, औषधाच्या गोळ्या मोजून देते. मला त्या दिवशी आईबद्दल वाईट वाटलं, हे खरं आहे. पण आधी जे वाटलं ते हेच, की सहा सूत बहिणीला कसे दिसले, मला का नाही.

पहिल्या वहीतलं पहिलं पान मी फाडलं नाही. मधोमध एक रेघ मारली, आणि आईसाठी अकराव्या वहीत नवीन पान केलं. त्यावर सातऐवजी अकरा आकडे आहेत, कारण डावं आणि उजवं वेगळं लिहावं लागतं, आणि समोरची उंची वेगळी, पाठीची वेगळी. रोजचे सहाही ब्लाऊज खांद्यावर उसवले. कापायचं तिथे कापलं, खाली दुमडलेलं कापड सोडवून पाठ लांब केली. आठवडा गेला त्यात.

शेवटचा ब्लाऊज झाला त्या रात्री जेवताना बहिणीचा फोन आला.

"बसला का, ताई?"

मी पोळी खाली ठेवली. "बसला."

"फोटो पाठव ना मायचा."

तिच्या पांढऱ्या ब्लाऊजमधले जयंतीचे चार फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते. मी ते पाठवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओट्यावर बशीत चहा ओतून पीत होती, अंगात मी दुरुस्त केलेला हिरवा ब्लाऊज होता, तो फोटो काढला आणि पाठवला.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "छान झाला. पण डावा मुंढा अजून दोन सूत मोकळा कर. बशी उचलताना ओढला जातो."

मी माप घेताना आईचे हात खाली सोडलेले होते. मी टेप घेऊन ओट्यावर गेले.

"आता काय?" आई म्हणाली.

"बशी उचल. अशीच धर."

मी दोनदा मोजलं. दोन नव्हतं, तीन सूत हवं होतं. तसं तिला लिहून पाठवलं.